मधली तीन वर्षं

सेतूमधल्या मुलीचे की-बोर्डवरचे हात थांबले. "2014पर्यंत रबाळ्याची कंपनी झाली. 2017पासून आंबा पॅकिंग. मधली तीन वर्षं काय लिहू?" माझा आतेभाऊ शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. हातात आधारची झेरॉक्स, उजवा पाय नेहमीसारखा हलता. जराही न अडखळता तो म्हणाला, "घरची बाग बघत होतंय, असा लिव गो." तिने लिहिलं. प्रिंटरमधून कागद आला, पैसे दिले आणि आम्ही एसटी स्टँडकडे निघालो. तारकर्लीच्या एका रिसॉर्टला माणसं हवी होती, त्यासाठी हा बायोडाटा. वाटेत तो पंपाच्या मोटारींबद्दल काहीतरी सांगत होता. मी हं हं करत होते, पण डोक्यात ती घरची बाग बसली ती बसलीच.

आत्येकडे हापूसची सात कलमं आहेत. त्यातल्या दोघांनी आजवर फळ धरलेलं नाही. एवढी बाग बघायला तीन वर्षं लागत नाहीत हे मला माहीत, त्याला माहीत, आणि देवगड तालुक्यात वाढलेल्या त्या मुलीलाही माहीत असणार. पण आमच्याकडे या एका वाक्याखाली काय काय झाकलं जातं त्याला गणती नाही. बारावीत दोनदा आपटलेला, मुंबईची खोली भावाने लाटल्यावर परत आलेला, दारू सुटावी म्हणून गावी आणून ठेवलेला, सगळे घरची बागच बघतात. ऐकणाराही पुढे विचारत नाही, तसा रिवाजच आहे. एरवी मी त्याची टिंगल करते. त्या दिवशी मात्र बरं वाटलं की असं एखादं वाक्य आपल्याकडे तयार असतं. नाहीतर दुसरं काय लिहिणार होतो?

तो आयटीआय फिटर. रबाळ्याला मशीनवर होता, घणसोलीला तिघांत एक खोली. मशीनच्या घरघरीत त्याला माणसांची बोलणी ऐकू यायला लागली. आधी नुसती नावाने हाक, मग त्याच्याबद्दल आपसात कुजबुज. सुपरवायझर आपल्या डब्यात काहीतरी घालतो अशी खात्री पटली तेव्हा त्याने डबा खाणं सोडलं, आणि एक दिवस अर्धी शिफ्ट टाकून जो निघाला तो कणकवली स्टेशनात उतरला. पायात कंपनीचे सेफ्टी शूज तसेच. कंपनीने पत्रं पाठवली, शेवटच्या पत्रात 'न कळवता गैरहजर' म्हणून नाव कमी केल्याचं होतं. कळवणार कोण होतं, आणि काय म्हणून? गावी देवळात गाऱ्हाणं झालं, कौल लावला. आमच्या गुरवांचं मला अजून कौतुक वाटतं. उजवा कौल मिळाल्यावर त्यांनीच आत्येला सांगितलं की देव पाठीशी आहे, आता रत्नागिरीला डॉक्टरांकडे घेऊन जा. 'रत्नागिरीला न्या' हे आमच्या भागात चेष्टेतही म्हणतात आणि शिवी म्हणूनही. आत्येने ते गुरवांच्या तोंडून आलं म्हणून ऐकून घेतलं. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आजाराला नाव मिळालं, स्किझोफ्रेनिया, आणि गोळ्या सुरू झाल्या. आवाज बारीक झाले. बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्या सोडल्या, आवाज परत चढले, गोळ्या परत सुरू झाल्या. बायोडाटातली मधली तीन वर्षं ती ही.

आवाज गेले म्हणजे सुटलो असं आम्हाला वाटलं होतं.

लोकांच्या मनात वेड म्हणजे आरडाओरडा, दगड भिरकावणं, कपडे फाडणं. तसं काही घडलं तर माणसं घाबरतात, पण निदान त्याला आजार म्हणतात. नोकरी जाते ती दुसऱ्याच गोष्टींपायी, आणि त्या गोष्टींचा गाजावाजा होत नाही. सकाळी उठवत नाही. चार चार दिवस आंघोळ राहते. समोरचा बोलतो आणि याचा चेहरा कोराच, ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नाही. तीन कामं एका दमात सांगितली तर पहिलं होतं, दुसरं अर्ध्यावर राहतं आणि तिसरं गेलंच. डॉक्टर यांना निगेटिव्ह लक्षणं म्हणतात. आवाज, संशय हे माणसात नव्याने आलेलं असतं, इथे मूळचंच ओसरतं: उमेद, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव. गोळ्या आवाजांवर जितक्या लागू पडतात तितक्या यावर पडत नाहीत. गावाला हे सगळं दिसतं, पण त्यासाठी गावाकडे एकच शब्द असतो, आळशी. आजारी माणसाला एखादा दया येऊन तरी कामावर ठेवील. आळशाला कोण ठेवणार?

त्यात गोळ्यांचं वेळापत्रक वेगळं. रात्री ओलान्झापिन घेतली की सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत त्याला जाग येत नाही. आणि कोकणातलं काम बघायला गेलं तर सगळं पहाटेचं. होडी अंधारात सुटते, आंबा उन्हं चढायच्या आत उतरवायचा असतो, नाष्ट्याच्या हॉटेलात सहाला भांडी वाजायला लागतात. ओपीडीच्या रांगेत एकदा मालवणकडची मायलेकरं भेटली, त्यांची गोष्ट आणखी निराळी. मुलगा ट्रॉलरवर खलाशी, आजार बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं, गोळी लिथियमची. भर उन्हात घाम गाळला आणि पाणी कमी पडलं की लिथियम रक्तात वाढतं, हात थरथरतात, उलट्या होतात. पाणी भरपूर पी, मीठ एकदम तोडू नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तो म्हणत होता, बोटीवर पाणी मोजून मिळतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने त्याची तब्येत ठणठणीत. "बंदी बारा म्हयने होयी," त्याची आई म्हणाली आणि स्वतःच हसली. मग दोन महिने घरात पैसा नसतो तेही तिनेच सांगितलं.

आतेभाऊ आमच्या पॅकिंग शेडवर आला तो आत्येच्या शब्दाखातर. "माका काय्येक नको," ती म्हणाली होती, "त्येका सकाळी उठान जावक एक जागा होयी." शेडचा हिशेब आणि हजेरीची वही माझ्याकडे असते. बाकीची माणसं साडेसहाला हजर. झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवून क्रेट शेडवर आणायचे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला हातपाय धुऊन घरी जायचं. हा यायचा दहाला. मुकादम त्याची अर्धी हजेरी सांगायचा. "धा वाजता इलो तर आख्खी कशी लिवतलंय? बाकीचे बोंब मारतले." त्याचंही खोटं नव्हतं. पण वाशी मार्केटला जाणारी गाडी भरून होईपर्यंत, म्हणजे रात्री साडेदहा-अकराला, पेट्या मोजत उभा असलेला माणूस हाच असायचा. माझा नवरा म्हणायचा, हजेरीला नियम एकच पाहिजे. मी म्हणायचे, नियम ठेवा, पण घड्याळ कुठल्या टोकाकडून बघायचं ते तरी ठरवा. एक हंगाम या वादात गेला.

कामाचं विचाराल तर तो फळ हातात घेतो, देठाकडून एकदा सावकाश फिरवतो आणि ठेवून देतो. देठ मुळापासून तुटला असेल तर चीक ओघळतो, साल भाजते, चार दिवसांनी काळा डाग उठतो. तसं फळ एका बाजूला. वजनकाटा समोर असतो, पण पाच डझनी पेटीचं फळ आणि सहा डझनीचं फळ तो हातावरच वेगळं करतो. पेंढा दोन्ही हातांनी विसकटून त्यातल्या काड्या काढतो, मग थर लावतो. गप्पा नाहीत, मोबाइल नाही. वाशीहून व्यापाऱ्याचा फोन येतो तो 'खालचा थर बारीक निघाला' हे सांगायलाच. त्याने भरलेल्या पेटीवरून असा फोन आलेला मला आठवत नाही. तरी शेडवर एकजण मागे बोललाच, "भायरसून बरो दिसता, पण आत साको असा." साको म्हणजे हापूसच्या गरात होणारा, वरून न दिसणारा पांढरट स्पंजासारखा भाग. हा पेंढा विसकटत होता, मान वर न करता म्हणाला, "साको मोठ्या फळात जास्त गावता." बोलणारा गडी चांगला शंभर किलोचा आहे. शेडभर हशा झाला.

पुढे आम्ही पेटीमागे दर ठरवला आणि हजेरीचा वाद मिटला. मुकादमानेही आपणहून एक पद्धत धरली, याला एका वेळी एकच काम सांगायचं, ते झालं की दुसरं. काम देणाऱ्याने माणसाच्या अडचणीप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात असं 2016च्या अपंग हक्क कायद्यात आहे. मुकादमाने कायदा वाचलेला नाही, तो दोन मुलं आणि एक म्हातारी आई सांभाळतो, त्यातून त्याला हे येतं. मात्र पेटीमागच्या दरात सगळं साधलं असं म्हणवत नाही. त्याचे वाईट दिवस येतात, कधी पंधरवडा टिकतात. पेट्या नाहीत तर पैसे नाहीत, आणि आंब्याचा हंगाम काही त्याच्यासाठी थांबत नाही.

हंगाम संपतो मेअखेर. पुढचे महिने कुठे ढकलायचे? एका वर्षी काजूच्या कारखान्यात गेला. वाफवलेली बी मशीनच्या पात्यात धरायची, पायाने दाबायचं, गर सोडवून घ्यायचा. अख्खा निघाला तर भाव चांगला, पाकळी झाली तर कमी, तुकडा झाला तर आणखी कमी. त्या वर्षी त्याची गोळी बदलून हालोपेरिडॉल दिली होती आणि तिने हाताला कंप आला होता. आंबा हातात फिरवायला कंप आड येत नाही, काजूला येतो. संध्याकाळी त्याच्या ताटलीत अख्ख्या गरांपेक्षा तुकडेच जास्त. दोन आठवड्यांत त्याने सोडलं. मालकिणीने वावगा शब्द काढला नाही, उलट तुकड्यांची पिशवी घरी दिली. आत्येने खीर केली. खीर उत्तम झाली होती. कंपावर वेगळी गोळी असते, डॉक्टरांनी ती दिली आणि हात ठीक झाला, पण तोवर पुढचा आंबा आला होता.

मग कुणीतरी सुचवलं, अपंगत्वाचा दाखला काढा. 2016च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत आणि त्यातल्या 1 टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांग असे सगळे मिळून बसतात. दाटीवाटीने का होईना, बसतात. 1995च्या कायद्यात मानसिक आजाराला अपंगत्व म्हटलं होतं, पण नोकऱ्यांच्या 3 टक्क्यांत त्याला जागा नव्हती. दाखल्याला किमान 40 टक्के लागतात. आता पाय आखडला असेल तर मोजता येतो, हे कसं मोजायचं? त्यासाठी आयडियाज नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम अशा चार गोष्टी. प्रत्येकीला अडचणीप्रमाणे शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे गुण. बेरीज सातच्या पुढे गेली की 40 टक्के.

दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर डॉक्टरांनी विचारलं, "काम करतो का?" आणि आत्ये माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझा मुलगा काम करतो, चांगलं करतो, हे सांगायला ती एरवी वाडीभर फिरली असती. तिथे तेच सांगितलं की गुण कमी होणार. राखीव नोकरी मागायची तर काम जमत नाही असं कागदावर यायला हवं. दोघींपैकी कुणीच बोलेना तेव्हा तोच म्हणाला, "तीन म्हयने करतंय. नऊ म्हयने कोण देणा नाय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं, मग लिहून घेतलं. दाखला मिळाला. डॉक्टर मंडळी भली होती, पट्टीही कुणी वाईट हेतूने केलेली नाही. पण पुढे रखवालदाराच्या नोकरीची चौकशी केली तर तिथे हवा होता फिटनेसचा दाखला, की माणूस सर्व प्रकारे ठीक आहे. संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची मर्यादा, म्हणजे तिथे कमाई वाढलेली दिसता कामा नये. आत्येच्या फायलीत आता प्लॅस्टिकचे दोन कप्पे आहेत, एकात तो आजारी आहे आणि दुसऱ्यात धडधाकट. कुठल्या खिडकीवर कुठला कप्पा उघडायचा यात गल्लत होऊ नये म्हणून तिने एकाला लाल दोरा बांधलाय.

म्हणजे एकीकडे काम लपवायचं आणि दुसरीकडे आजार.

आमच्याकडे जो तो म्हणतो, आधी पूर्ण बरा होऊ दे, मग कामाचं बघू. ऐकायला मायेचं वाटतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी 1990च्या दशकात याच्या नेमकं उलट करून बघितलं. ज्याला काम करायचंय त्याला आधी खरी, बाजारभावाच्या पगाराची नोकरी मिळवून द्यायची, शिकणं-सुधारणं त्या नोकरीत राहून. आणि एक माणूस नेमायचा, जो याच्याशी, मालकाशी आणि डॉक्टरांशी बोलत राहील, नोकरी लागल्यावरसुद्धा. आधी कार्यशाळेत तयारी, मग नोकरी या जुन्या रीतीने जिथे चारांतल्या एकाला नोकरी मिळायची, तिथे या रीतीने साधारण दोघांना मिळाली, आणि पुढे बऱ्याच देशांत हे पडताळून झालं. आपल्याकडेही चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी 1984 साली सुरू केलेली स्कार्फ ही संस्था अशा रुग्णांच्या पुनर्वसनाचं काम करत आली आहे. मला त्या सगळ्यात हेवा वाटतो तो मधल्या माणसाचा. इथे ते काम आत्ये करते, पायी, गुडघे दुखत असताना, आणि तिच्यापाठी कोण करणार हे घरात कुणी बोलत नाही. दर 10 ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचे फलक लागतात त्या खर्चात तालुक्याला असा एक माणूस नेमता आला तर मी फलकांवाचून राहीन. अर्थात तिकडच्या मालकाचं दुकान बारा महिने चालू असतं. आमच्याकडचा मालक म्हणजे पाच-सात माणसं, एक पत्र्याची शेड आणि तीन महिन्यांची आवक. तिकडचं जसंच्या तसं इथे बसेल असा माझा दावा नाही.

रिसॉर्टच्या मुलाखतीला मी बरोबर गेले होते, बाहेर सुरूच्या सावलीत बसले, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. मॅनेजर तरुण होता, बोलायला मोकळा. बायोडाटा बघून म्हणाला, घरची बाग? मग आमची बागही बघ, पंप दुरुस्त करता येत असेल तर सोन्याहून पिवळं. पगार ठरला, राहायला खोली, जेवण. आणि उठता उठता हा म्हणाला, महिन्यातून एक दिवस मला दवाखान्यात जावं लागतं. कशासाठी? त्याने सांगून टाकलं, आजाराच्या नावासकट. आत थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग मॅनेजर म्हणाला, "तसं काही नाही हो, पण इथे फॅमिल्या येतात. दिवाळीनंतर कळवतो." अशा रुग्णांकडून लोकांना होणाऱ्या त्रासापेक्षा लोकांकडून त्यांना होणारा त्रास कितीतरी जास्त असतो, पण हे त्या खिडकीतून आत ओरडून सांगायची ती वेळ नव्हती. मला मॅनेजरचा राग आला, आणि खरं तर याचाही आला. एवढी नीट झाकून आणलेली तीन वर्षं याने दोन मिनिटांत उघडी केली. परतीच्या एसटीत मी न राहवून विचारलं, कशाला बोललास? तो खिडकीबाहेर बघत होता. "दर म्हयन्याक सुट्टी कशाक मागतलंय, ताई? दर खेपेक कोणाकोणाक मारू?" मागच्या सीटवरची बाई फस्सकन हसली. दिवाळी होऊन गेली. फोन आला नाही.

यंदा मोहर बरा आहे. वाडीतला एक मुलगा मुकादमाने आतेभावाच्या हाताखाली शिकायला दिलाय, पहिले दोन दिवस तो फक्त देठ बघायला शिकला. तेव्हापासून याने पेटीमागे दोन रुपये वाढवून मागितलेत. शिकवण्यात माझा वेळ जातो, पेट्या कमी होतात, असं म्हणणं. नवरा म्हणाला, एक देतो. हा काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र एका वहीच्या पानावर गेल्या हंगामात वाशीहून कुणाकुणाच्या किती पेट्यांबद्दल तक्रार आली ते लिहून घेऊन आला, आपल्या नावापुढे मोठं शून्य काढून. नवरा सध्या वैतागलाय, हल्ली फार शहाणा झालाय म्हणतो. एका रुपयावर दोघं अडून बसलेत. मुकादमाचं म्हणणं, दीड करा आणि पेंढ्याची गाडी मागवा.